तहकुबी व अमानत : अहेरीच्या एका अर्जाच्या निमित्तानें

इ. स. १९५१ च्या मार्च महिन्याच्या ९ व्या तारखेस चांदा जिल्ह्यांतील अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव यांनीं दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयांत एक अर्ज गुदरला. मध्यप्रदेशाच्या विधिमंडळानें जमीनदारी व मालगुजारी नष्ट करण्याचा जो कायदा केला होता (सन १९५१ चा पहिला कायदा), त्या अन्वयें त्याच महिन्याच्या ३१ व्या तारखेस सिरोंचा तहशिलींतील अहेरीची जमीनदारी आणि गडचिरोली तहशिलींतील ऐंशीं मालगुजारी गांवें सरकारांत जावयाचीं होतीं. अर्ज आणि तो दिवस यांमधील अंतर अवघें बावीस दिवसांचें. हा कज्जा वकीलमंडळींच्या परिचयाचा असून त्यांच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्हांस त्यांत एक जुनाच प्रश्न नव्या वेषांत दिसतो. एक वाद चालू असतां त्याच प्रश्नाचा दुसरा वाद वरिष्ठ न्यायासनापुढें निकालाची वाट पाहत असेल, तर पहिल्यानें थांबावें काय? आणि थांबावें असें ठरल्यास मधल्या काळांत वादाची वस्तु कोणाच्या हातीं असावी? यांपैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर अलीकडील कायदे तपशीलवार देतात. दुसऱ्याची जाणीव मात्र आमच्या जुन्या व्यवहारांत अधिक तीव्र होती, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम धर्मशास्त्राकडे वळूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत प्रतिवादीस जे निर्बंध सांगितले आहेत, त्यांत एक असा आहे कीं, स्वतःवरील अभियोगाचें निरसन होण्यापूर्वीं त्यानें वादीवर उलट अभियोग आणूं नये. आणि त्यालाच लागून दुसरा असा कीं, ज्यावर एकानें अभियोग आणला आहे त्यावर, तो निस्तरण्यापूर्वीं, दुसऱ्यानेंहि अभियोग आणूं नये. कलह व साहस, म्हणजे मारामारी व बळजोरी, यांपुरता पहिल्या निर्बंधास अपवाद आहे. शास्त्रीबुवांपाशीं हा भाग वाचीत असतां आम्हांस तो केवळ सभेंतील शिष्टाचाराचा नियम वाटला होता. पुढें कज्जांचे कागद वाचण्याचा नाद लागला तेव्हां कळलें कीं, एकाच माणसास एकाच वेळीं दोन ठिकाणीं उत्तर द्यावयास लावणें म्हणजे त्यास दोन्ही ठिकाणीं मुका करणें होय, हें ओळखूनच तो नियम केला आहे.

प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार प्रसिद्ध आहेत : संप्रतिपत्ति, मिथ्या, कारण आणि प्राङ्न्याय. यांतील शेवटचा, म्हणजे 'या वादाचा निकाल पूर्वींच लागला आहे' हें उत्तर, आजच्या न्यायालयांतहि रोज ऐकूं येतें. निकाल लागलेल्या वादास प्राङ्न्यायाची ढाल. निकाल लागावयाच्या वादास वर सांगितलेला निर्बंध. या दोहोंमध्यें अपिलाचा प्रदेश येतो. कुल, श्रेणी, पूग आणि राजानें नेमलेले अधिकारी अशी न्याय पाहणारांची चढती परंपरा स्मृतीनें दिली आहे, आणि खालच्यांनीं दिलेला निर्णय वरच्यांकडे नेतां येतो, उलट नव्हे, असें विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्पष्ट केलें आहे. मात्र हरलेला असूनहि आपण हरलों नाहीं असें मानून जो पुन्हा न्याय मागतो, तो पुन्हा हरल्यास त्यास दुप्पट दंड आहे. अपील करणारानें विचार करूनच पायरी चढावी, असा यांतील कटाक्ष दिसतो.

मधल्या काळाची व्यवस्था नारदानें 'आसेध' या शब्दांत बसविली आहे. आसेध म्हणजे न्याय होईपर्यंत प्रतिपक्षावर घातलेला प्रतिबंध. तो चार प्रकारचा : स्थानाचा, काळाचा, प्रवासाचा आणि कर्माचा. अमुक जागा सोडूं नको, अमुक मुदतीपर्यंत थांब, परगांवीं जाऊं नको, अमुक कृत्य करूं नको. यांतील चौथा म्हणजे आजच्या मनाई हुकुमाचा पूर्वज, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु आम्हांस याहून मोलाची वाटते ती ज्यांस आसेध करूं नये अशांची यादी. तींत रोगी आहे, लग्नास निघालेला आहे, यज्ञास बसलेला आहे; गुरें चारणीस नेलेला गुराखी आहे आणि पीक उभें करण्याच्या हंगामांतील शेतकरी आहे. गडचिरोलीकडील ज्या कुळवाड्यास ऐन धानाच्या रोवणींत तारखेसाठीं चिखल तुडवीत जावें लागलें आहे, त्यास नारदाचें हें शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मराठेशाहींतील रीति वाचकांस ठाऊकच आहे. येथें आमच्या विषयापुरतीच सांगतों. वतनाचा कज्जा दिवाणांत वा गोतांत उभा राहिला म्हणजे उभय पक्षांकडून राजीनामे घेत (हा आजचा नोकरी सोडण्याचा राजीनामा नव्हे, 'पंच सांगतील त्यास आम्ही राजी' असें लिहून देणें), जामीनकतबे घेत, तक्रिरा लिहून घेत, आणि पुष्कळदां खुद्द वतनच अमानत करीत. अमानत म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव. निकाल होईपर्यंत वतनाचें उत्पन्न ना वादीस ना प्रतिवादीस. तें सरकारच्या हवालीं. यांत एक फार मोठा व्यावहारिक लाभ होता. वस्तु ज्याच्या कबजांत असते त्यास विलंब गोड लागतो; नसते त्यास कडू. अमानतीमुळें विलंब दोघांसहि सारखाच कडू होई, आणि महजर लवकर व्हावा अशी इच्छा दोन्ही घरांत सारखीच उत्पन्न होई.

परंतु आम्ही जुन्याचे अंध भक्त नाहीं. ठेव सांभाळणाराचें मन ठेवीवर बसलें म्हणजे काय होतें, हेंहि याच पद्धतींत दिसून येई. अमानत वर्षानुवर्षें चाले, उत्पन्न सरकारांत जमा होई, आणि निकालाची घाई ज्यास असावयाची तें सरकारच स्वस्थ बसण्यांत फायदा पाही. शिवाय हरलेला पक्ष नवें राज्य, नवा सुभा अथवा नवा कारभारी आला कीं तोच कज्जा पुन्हा उकरून काढी. एकाच पाटीलकीचा वाद तीन-तीन पिढ्या चाललेला आढळतो तो यामुळेंच.

इंग्रजी अमलांत या प्रश्नाचे दोन तुकडे झाले. वाद थांबविणें निराळें, आणि वस्तु सांभाळणें निराळें. दिवाणी काम चालविण्याच्या कायद्यांत १८७७ व १८८२ सालीं बाराव्या कलमानें आणि १९०८ सालापासून दहाव्या कलमानें असें ठरविलें कीं, पूर्वीं दाखल झालेल्या दाव्यांत जो मुद्दा प्रत्यक्ष व मुख्यत्वें वादाचा आहे, तोच मुद्दा त्याच पक्षकारांमध्यें पुढच्या दाव्यांत असेल, तर पुढचा दावा चालवूं नये. जुन्या कलमांत 'दादहि तीच मागितलेली असावी' अशी अट होती. ती १९०८ सालीं गेली. पहिला दावा अपिलांत असला तरी तो चालूच समजावयाचा. प्रिव्ही कौन्सिलापुढें, आणि आतां सर्वोच्च न्यायालयापुढें, असलेल्या कामाचा तर कलमांतच निर्देश आहे. याच्या जोडीस १८८२ च्या कायद्याच्या तेराव्या कलमांतील एक स्पष्टीकरण लक्षांत घेण्यासारखें आहे : ज्या निकालावर अपील होऊं शकतें तो निकाल, अपील होईपर्यंत, अखेरचा मानतां येईल. अर्थात् अपील झालें कीं त्याचें अखेरपण गेलें. प्राङ्न्याय गळून पडतो आणि त्याच्या जागीं तहकुबी येते, ती या बिंदूवर.

परंतु ही तहकुबी केवळ चौकशीची, वस्तूची नव्हे. दावा तहकूब असला तरी मनाई हुकूम देणें, रिसीव्हर नेमणें हीं कामें न्यायालयास करतां येतात, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं इंडियन बँक व महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ यांच्या वादांत स्पष्ट केलें आहे. 'करतां येतात' म्हणजे मागावीं लागतात, व मागणारानें कारण दाखवावें लागतें. तसेंच अपील केलें एवढ्यानें खालच्या हुकुमाची बजावणी थांबत नाहीं. ती थांबविण्यासाठीं भारी नुकसानीची भीति दाखवावी लागते, अर्ज उशीर न करतां आणावा लागतो आणि जामीन द्यावा लागतो (आदेश ४१, नियम ५). जामीनकतबा येथें जिवंत राहिला. अमानत मात्र नियम होती ती अपवाद झाली. तहकुबी किती काळ चालावी याचाहि वाद अगदीं अलीकडचा आहे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्थगिती सहा महिन्यांनीं आपोआप संपेल असें ठरविलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें पांच न्यायाधीशांच्या पीठानें तें फिरविलें.

एक वाद दुसऱ्यासाठीं न थांबल्यास काय होतें, याचें उदाहरण शोधावयास महाराष्ट्रीय वाचकांस दूर जावें लागत नाहीं. ताईमहाराज प्रकरणांत मूळ प्रश्न दिवाणी : १९०१ सालीं औरंगाबादेस झालेलें दत्तविधान खरें कीं खोटें? परंतु त्या प्रश्नाचा दिवाणी निकाल लागण्यापूर्वींच लोकमान्य टिळकांवर खोट्या पुराव्याचा फौजदारी खटला चालला, १९०३ सालीं त्यांस शिक्षाहि झाली, व ती मार्च १९०४ मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें रद्द केली. दत्तविधानाचा दिवाणी निकाल पुण्यास १९०६ सालीं लागला, हायकोर्टानें तो १९१० सालीं फिरविला, आणि प्रिव्ही कौन्सिलानें मार्च १९१५ मध्यें पुन्हा टिळकांच्या बाजूनें दिला. म्हणजे एक गोष्ट घडली कीं नाहीं हें अखेर ठरण्याच्या अकरा-बारा वर्षें आधीं, ती घडली असें सांगणारास दंड झाला होता. फौजदारी कामानें दिवाणीसाठीं थांबलेंच पाहिजे असा नियम तेव्हां नव्हता, व आजहि नाहीं. पण या इतिहासाकडे पाहतां तो असता तर बरें, असें कोणासहि वाटेल.

आतां चांद्याकडे येऊं. अहेरी ही चांदा प्रांतांतील सर्वांत मोठी जमीनदारी; विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक, आणि तोहि बहुतेक सागवानी अरण्याचा. प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या आश्रयानें वसलेला हा मुलूख गोंड राजांकडून १७५१ सालीं चांदा घेतलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या, व पुढें इंग्रजांच्या, सत्तेखालीं आला. तरी त्या अरण्यांत खरी सत्ता जमीनदाराचीच असे. येथील मोठीं अपिलें नागपुरास ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टांत, १९३६ पासून नागपूर हायकोर्टांत, आणि तेथून विलायतेस जात. पावसाळ्यांत सिरोंच्याहून चांद्यास येणें हेंच जेथें एक संकट, तेथें विलायतेचें अपील म्हणजे काय, हें सांगणें नलगे. आणि कज्जाचीहि चैन शांततेच्या काळींच. १८५८ सालीं मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनीं व अडपल्लीच्या व्यंकटरावांनीं बंड उभारलें. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साह्यानें बाबूराव इंग्रजांच्या हातीं लागले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांस चांद्यास फांशीं दिलें. तेथें तहकुबीचा प्रश्न कोणी काढिला नाहीं.

१९५१ चा अर्ज दाखल झाला त्या वेळची स्थिति अशी. बिहार, उत्तर प्रदेश व मध्यप्रदेश या तिन्ही ठिकाणीं जमीनदारी नष्ट करण्याचे कायदे झाले होते व त्यांवर हायकोर्टांत वाद माजले होते. पाटण्याच्या हायकोर्टानें बिहारचा कायदा मार्च १९५१ मध्यें रद्द ठरविला. अलाहाबाद व नागपूर येथील हायकोर्टांनीं आपापल्या प्रांतांचे कायदे उचलून धरले. तिन्ही ठिकाणचीं अपिलें दिल्लीस गेलीं, आणि अहेरीकरांसारख्यांचे थेट अर्जहि तेथेंच येऊन पडले. दहावें कलम येथें लागूं नव्हतें. कारण हा दावा नव्हे, अर्ज, आणि पक्षकारहि निरनिराळे. परंतु प्रश्न एकच असल्यामुळें सर्व कामें एकमेकांची वाट पाहत राहिलीं. पक्षकार तेच असतां थांबणें हा नियम. प्रश्न तोच असतां थांबणें हा न्यायासनाचा विवेक. हा भेद कायद्याच्या पुस्तकांत एका ओळीचा असला तरी पक्षकाराच्या आयुष्यांत वर्षाचा असतो.

आणि थांबलेला वाद जागच्या जागीं राहत नाहीं, हें या प्रकरणाइतकें स्पष्ट क्वचितच दिसेल. अर्ज पडून असतांच १८ जून १९५१ रोजीं राज्यघटनेची पहिली दुरुस्ती झाली. तिनें ३१-अ व ३१-ब हीं कलमें घातलीं आणि नववें परिशिष्ट जोडिलें. त्या परिशिष्टांतील तेरा कायद्यांत मध्यप्रदेशाचा कायदा आठवा आहे. (सहावा खोती नष्ट करणारा आणि सातवा परगणा व कुलकर्णी वतनें नष्ट करणारा. ज्या वतनांच्या अमानतीचे कागद आम्ही हौसेनें वाचतों, तीं वतनें आणि अहेरीची जमीनदारी अशीं एकाच पानावर मावळलीं.) मग ती दुरुस्तीच अवैध आहे असा वाद निघाला; तो शंकरीप्रसाद यांच्या कामांत ५ ऑक्टोबर १९५१ रोजीं फेटाळला गेला. तदनंतर बिहारच्या कामेश्वरसिंहांचीं अपिलें, व त्यांच्या मागोमाग अहेरीचा अर्ज, मे १९५२ मध्यें निकालास आला. ज्या कायद्याच्या आधारानें अर्ज केला तो कायदा निकालाच्या दिवशीं निराळा झालेला होता. सर्वोच्च न्यायालय त्या काळीं संसदभवनांत, पूर्वींच्या नरेंद्रमंडळाच्या दालनांत, बसत असे हाहि एक योगायोग.

अहेरीकरांच्या बाजूनें जे मुद्दे मांडले गेले त्यांतील एक आम्हां शाळामास्तरांस विशेष मनोरंजक वाटतो. ५ एप्रिल १९५० च्या विधानसभेच्या कामकाजाच्या वृत्तांतांत 'विधेयक संमत व्हावें' हा ठराव मतास टाकल्याची नोंदच नाहीं, सबब विधेयक संमत झालेंच नाहीं, असें म्हणणें होतें. अध्यक्षांच्या सहीचा दाखला मूळ विधेयकावर आहे, तो निर्णायक होय, असें उत्तर मिळालें. ज्यानें सभेचीं इतिवृत्तें लिहिलीं आहेत त्यास गळलेल्या वाक्याची धास्ती काय असते हें ठाऊक आहे. दुसरा मुद्दा अधिक वजनाचा होता. ऐंशीं मालगुजारी गांवें म्हणजे 'इस्टेट' नव्हेत, म्हणून त्यांस ३१-अ चें संरक्षण नाहीं. आणि ३१-ब हें ३१-अ चें केवळ उदाहरण, म्हणून तेंहि लागूं नाहीं. न्या. मेहेरचंद महाजन यांनीं ३१-ब स्वतंत्र आहे असें सांगून तो अमान्य केला. अर्ज फेटाळला गेला. बिहारच्या कायद्यांतील दोन तरतुदी बहुमतानें रद्द झाल्या होत्या; मध्यप्रदेशाचा कायदा सबंध टिकला.

वस्तूच्या रक्षणाचें काय? या कायद्यांतच एक प्रकारचा कर्मासेध होता. १६ मार्च १९५० नंतर मालकानें केलेलें हस्तांतर, मालमत्ता सरकारांत जाण्याच्या दिवसापासून, निरर्थक ठरेल असें त्याच्या सहाव्या कलमांत होतें. दावा चालू असतां वादाची मिळकत विकून दुसऱ्या पक्षाचा हक्क बुडवितां येत नाहीं, या १८८२ च्या कायद्यांतील (कलम ५२) तत्त्वाचेंच हें रूप. मात्र येथें प्रतिबंध घालणारा न्यायाधीश नसून स्वतः प्रतिपक्ष होता. सागाचें अरण्य हें शेतासारखें नव्हे. शेत तहकुबींत पडीक राहिलें तर पुढील मृगांत पेरतां येतें. साठ वर्षांचा साग एका हंगामांत तुटला तर कोणत्याहि निकालानें तो परत उभा राहत नाहीं. म्हणून अशा वस्तूच्या बाबतींत हस्तांतरास घातलेला हा बांध आम्हांस योग्यच वाटतो. आमची तक्रार निराळी आहे.

या अर्जाच्या शिरोभागीं दोनच नांवें आहेत : जमीनदार आणि राज्य. मोहाचीं फुलें वेंचणारे, बांबू तोडणारे, निस्तारावर गुरें व घर चालविणारे गोंड-माडिया रहिवासी त्यांत कोठेंच नाहींत. त्यांचे रिवाज वाजिब-उल-अर्जांत नोंदलेले असत, पण नोंद म्हणजे पक्षकार होणें नव्हे. सीमेच्या वादांत धर्मशास्त्र आधीं सामंतांस, म्हणजे शेजारच्या गांवकऱ्यांस, बोलावतें. गोतसभेंतहि बारा बलुते बसत. वस्तु कोणाच्या हातीं राहावी हा प्रश्न दोघांतच सुटला, आणि तिसऱ्याचा वाद तहकूबहि झाला नाहीं, कारण तो दाखलच झाला नव्हता. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा झाला, आणि अहेरी व सिरोंचा त्यांत गेलीं. त्याच जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं सुमारें १८०० हेक्टर अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला, तो २००९ सालीं. राजे विश्वेश्वरराव हे मध्यंतरीं, १९७७ सालीं, चांद्यांतून लोकसभेवर निवडून गेले होते. अर्जदार म्हणून ज्या संसदभवनांत त्यांचें म्हणणें ऐकलें गेलें, तेथेंच ते आतां सदस्य म्हणून बसले.

पुणें व सातारा प्रांतांतील अमानतीचे कागद विपुल छापले गेले आहेत. भोसल्यांच्या अमलांतील चांदा, वैरागड, गडबोरी या बाजूचे अशा प्रकारचे कागद, विशेषतः ज्यांत अरण्य वा तलाव अमानत ठेवल्याचा उल्लेख आहे असे, आमच्या दृष्टीस फार थोडे आले आहेत. कोणाच्या घरच्या दप्तरांत ते असल्यास त्यांनीं निदान नकला तरी मंडळाकडे पाठवाव्या. मोडी वाचून देण्याचें काम आम्ही आनंदानें करूं.